भाकरी जाते कुठे?

आपल्या पांडेसऱ्यातील बहुतेक मराठी कुटुंबांचा इतिहास एका शब्दात सांगता येतो, आणि तो शब्द म्हणजे 'पोट'. जळगाव, धुळे, नंदुरबार ह्या जिल्ह्यांतील कोरडवाहू शेती मागे ठेवून, जळगाव-उधना रेल्वेमार्गाने जी माणसे सुरतेस आली, त्यांना 'इकडे कसे आलात?' असे विचारले असता एकच उत्तर मिळत असे, 'पोटापाण्यासाठी'. कोणी डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये लागला, कोणी लूमवर उभा राहिला, कोणी कापडाचे ताके खांद्यावरून वाहिले. ज्या पोटासाठी गाव सोडले ते पोट ह्या भूमीने भरले, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे.

तथापि गेली अनेक वर्षे ह्या वसाहतीत वैद्यकीय व्यवसाय करीत असताना एक वेगळाच प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो. चाळिशीही न ओलांडलेला, अंगाने सडपातळ दिसणारा एखादा कारागीर रक्ततपासणीचा कागद पुढे ठेवतो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, जेवण तेच आहे, भाकरी तीच आहे. बारा-बारा तास घाम गाळतो. मग रक्तात साखर आली कुठून?" हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. अत्यंत मार्मिक असा हा प्रश्न आहे, आणि 'गोड कमी खा' एवढ्या तीन शब्दांत त्याचे उत्तर होत नाही. त्याचे खरे उत्तर द्यावयाचे तर भाकरीचा पहिला घास तोंडात गेल्यापासून त्याची ऊर्जा होईपर्यंतचा सारा प्रवास समजून घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे. व्यवसायबंधूंना ह्यातील पुष्कळ भाग परिचित असेल. परंतु ही स्मरणिका आपल्या समाजबांधवांच्या घरीही वाचली जाते, म्हणून मांडणी शक्य तितकी सोपी ठेवली आहे.

घासापासून आतड्यापर्यंत

ज्वारीची भाकरी म्हणजे मुख्यतः पिष्ट पदार्थ, म्हणजेच ग्लुकोजच्या असंख्य कणांच्या लांबच लांब माळा. शरीराला ही माळ उपयोगी नाही. तिचा एकेक मणी सुटा व्हावा लागतो. हे काम तोंडातच सुरू होते. लाळेतील अमायलेज हे पाचक द्रव्य पिष्टाचे तुकडे करू लागते, म्हणूनच कोरडी भाकरी बराच वेळ चघळली तर गोडसर लागते. भाकरीत साखर नसते हा समज येथेच, पहिल्या घासाला, खोटा ठरतो.

पुढे अन्न जठरात उतरते. तेथील तीव्र आम्ल बहुतेक जंतूंचा नाश करते आणि प्रथिनांचे विघटन सुरू करते. जठरात नेमके काय घडते हे मानवाने प्रत्यक्ष पाहिले ते एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण त्याच्या जठराला बाहेरून एक कायमचे छिद्र राहिले. विल्यम ब्यूमाँट ह्या लष्करी शल्यचिकित्सकाने त्या छिद्रातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून ते किती वेळात विरघळतात ह्याच्या नोंदी ठेवल्या आणि १८३३ साली त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. पचन हे रासायनिक कार्य आहे, आणि रुग्ण संतापला तर त्यात बिघाड होतो, ही दोन्ही निरीक्षणे त्यात आहेत. 'जेवताना भांडू नये' ह्या आपल्या आजीच्या शिकवणुकीस अशी दूरदेशीची साक्ष मिळते.

जठरातून दोन ते चार तासांत अन्न थोडे थोडे लहान आतड्यात सोडले जाते, आणि पचनाचे मुख्य कार्य तेथे पार पडते. स्वादुपिंडाचा रस पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ ह्या तिघांनाही फोडतो. यकृतातून येणारे पित्त तेलातुपाचे बारीक थेंब करते. आतड्याच्या आतील पृष्ठभागावरील सूक्ष्म अंकुर हे पचलेले अन्न शोषून घेतात. ह्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे असते असे आपण विद्यार्थिदशेत पाठ केले होते. २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने केलेल्या मोजणीत संपूर्ण पचनमार्गाचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या मैदानाइतके भरले. तरीही तीन-चार खोल्यांची जमीन एका माणसाच्या पोटात घडी घालून ठेवलेली आहे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा वेगाचा आहे. भाकरी, भात, मैद्याचा पाव आणि उपवासाचा साबुदाणा ह्या सर्वांतून अखेरीस ग्लुकोजच मिळते; पण ते किती वेगाने मिळते ह्यात पुष्कळ अंतर असते. कोंड्यासह दळलेल्या धान्यातील चोथा आणि सोबतची डाळ हा वेग कमी करतात. आपल्या खानदेशातील कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून केलेली भाकरी, ह्या दृष्टीने विचारपूर्वक सिद्ध झालेले अन्न आहे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन ह्या घटकाची उणीव असते, ती उडीद भरून काढतो. न पचलेला चोथाही वाया जात नाही. मोठ्या आतड्यातील जीवाणू तो आंबवतात, आणि त्यातून तयार होणारी मेदाम्ले आतड्याच्या पेशींचे इंधन बनतात.

एक चमचा साखरेचा हिशेब

आतड्यातून शोषलेले ग्लुकोज थेट साऱ्या शरीरात जात नाही. ते प्रथम यकृतात जाते. यकृत हा आपल्या देहाचा भांडारपाल होय. निरोगी प्रौढ माणसाच्या संपूर्ण रक्तात एका वेळी जेमतेम ५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे चहाचा एक चमचा. एका भाकरीतून त्याच्या कितीतरी पट ग्लुकोज येते. ते सगळे रक्तात साचून राहिले असते तर प्रत्येक जेवण हे संकट ठरले असते. पण तसे घडत नाही, कारण स्वादुपिंडातून त्याच वेळी इन्सुलिन पाझरते. इन्सुलिनच्या आज्ञेने यकृत सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायू सुमारे ४०० ग्रॅम ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपाने साठवू शकतात. हा सारा साठा साधारण एका दिवसाच्या गरजेइतकाच आहे. त्यापलीकडे जे उरते त्याची रवानगी चरबीत होते, आणि चरबीच्या कोठाराला मात्र जवळजवळ मर्यादा नाही.

जेवण होऊन काही तास लोटले की हाच व्यवहार उलट दिशेने चालतो. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते, झोपेतही लागते. ते यकृत आपल्या साठ्यातून पुरवते, आणि साठा सरत आला की प्रथिनांपासून नवे तयार करते. म्हणूनच रात्रभर उपाशी राहूनही सकाळच्या तपासणीत साखर वाढलेली दिसू शकते. 'रात्री जेवलोच नाही, तरी सकाळी साखर जास्त कशी?' ह्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. ती साखर ताटातून आलेली नसते. इन्सुलिनचा धाक कमी झाल्यामुळे यकृताने ती गरज नसताना बाहेर काढलेली असते.

अग्नी जठरात नाही

आपल्या परंपरेने पचनाला 'जठराग्नी' म्हटले आणि अन्नग्रहणाला यज्ञाची उपमा दिली. अग्नीची कल्पना अगदी योग्य आहे. फक्त तो जठरात पेटत नाही. १७८३ च्या सुमारास लाव्हाझिये व लाप्लास ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवून, त्याच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो हे मोजले आणि श्वसन म्हणजे मंद ज्वलनच होय असा निष्कर्ष काढला. हे ज्वलन प्रत्येक पेशीत, तंतुकणिका अर्थात मायटोकॉन्ड्रिया ह्या सूक्ष्म भट्ट्यांत चालते, हे पुढच्या पिढ्यांनी सिद्ध केले. १९३७ साली हान्स क्रेब्ज ह्यांनी त्या ज्वलनाचे चक्र उलगडले.

पांडेसऱ्यातील वाचकास हे समजावून सांगण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्या प्रोसेस मिलमध्ये बॉयलर असतो. त्यात इंधन जळते, पण ते इंधन काही थेट जेट मशीनमध्ये टाकत नाहीत. इंधनाची वाफ होते, आणि ती वाफ नळांतून जाऊन मशीन तापवते. शरीरातील ही वाफ म्हणजे एटीपी. ग्लुकोज असो वा चरबी, त्यांच्या ज्वलनातून एटीपी तयार होते, आणि हात उचलण्यापासून विचार करण्यापर्यंत सर्व कामे एटीपीवर चालतात. ग्लुकोजच्या एका कणापासून पूर्ण ज्वलनाअंती एटीपीचे सुमारे ३० ते ३२ कण मिळतात; जुन्या पाठ्यपुस्तकांतील ३८ हा आकडा आता मागे पडला आहे. प्राणवायू न मिळाल्यास मात्र केवळ २ कण मिळतात. एटीपी साठवून ठेवता येत नाही. ते क्षणोक्षणी मोडते आणि पुन्हा घडते. दिवसभरात घडणाऱ्या एटीपीची बेरीज केली तर ती जवळपास आपल्या स्वतःच्या वजनाइतकी होते.

ह्या शोधात एका भारतीयाचा मोलाचा वाटा आहे, हे नव्या पिढीतील डॉक्टरांना आवर्जून सांगावेसे वाटते. आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांनी सायरस फिस्के ह्यांच्यासमवेत १९२७ साली स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन शोधून काढले, आणि १९२९ साली, जर्मनीतील कार्ल लोहमान ह्यांच्याप्रमाणेच स्वतंत्रपणे, स्नायूतून एटीपी वेगळे केले.

बॉयलरच्या दृष्टान्तातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. हवा न मिळालेल्या बॉयलरमध्ये कितीही इंधन टाकले तरी वाफ धरत नाही. आपल्या वस्तीतील ज्या भगिनी घरबसल्या साड्यांना लेस, टिकल्या आणि खडे लावण्याचे काम करतात, त्यांच्यापैकी अनेकींची 'अंगात ताकदच नाही' अशी तक्रार असते. ताकदीची बाटली लिहून देण्यापूर्वी हिमोग्लोबिन पाहणे आवश्यक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोह हे प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये तर असतेच, पण तंतुकणिकांच्या भट्टीतही ते अनिवार्य आहे. अशा स्त्रीच्या पोटात भाकरी आहे, रक्तात साखर आहे, फक्त ती जाळण्याची सोय अपुरी आहे.

घाम म्हणजे खर्च नव्हे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बारा तास घाम गाळूनही साखर का वाढावी?

आपण घामाला कष्टाचे माप मानतो. भाषेतही 'घाम गाळणे' म्हणजे कष्ट करणे. पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने घाम हे ऊर्जा खर्च झाल्याचे माप नव्हे. ती अंग थंड ठेवण्याची व्यवस्था आहे. स्टेंटरच्या शेजारी उभा असलेला कारागीर घामाने निथळतो, कारण मशीन तप्त आहे. त्या घामात पाणी आणि मीठ जाते, ते भरून काढलेच पाहिजे. परंतु त्याच्या स्नायूंनी त्या मानाने थोडेच इंधन जाळलेले असते. एकाच जागी उभे राहून कापडावर नजर ठेवणे हे थकवणारे काम आहे, ह्यात शंका नाही. पाय दुखतात, डोळे शिणतात. तरीही त्याचा ऊर्जाव्यय नांगर धरणाऱ्या किंवा ताके वाहणाऱ्या माणसाच्या ऊर्जाव्ययाच्या जवळपासही जात नाही.

ह्या फरकाचे आकडे पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ह्यांनी २०२० साली निश्चित केलेल्या प्रमाणानुसार ६५ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाला बैठ्या कामासाठी दिवसाला २,११० किलोकॅलरी, मध्यम श्रमासाठी २,७१० आणि जड श्रमासाठी ३,४७० किलोकॅलरी लागतात. जड श्रम आणि बैठे काम ह्यांतील अंतर १,३६० किलोकॅलरींचे. साधारण ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून सुमारे २०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे शेतात राबणाऱ्या आजोबांना जेवढे लागत होते, त्यापेक्षा दुकानाच्या गल्ल्यावर वा टेम्पोच्या स्टिअरिंगवर बसणाऱ्या नातवाला रोज सहा-सात भाकरी कमी लागतात. इतक्या भाकरी नातवाने कमी केलेल्या असतात का? काही अंशी केलेल्या असतात. पण त्यांच्या जागी चहा, खमण, फाफडा, वडापाव आणि सणासुदीची घारी आलेली असते. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर. तिच्या २०० किलोकॅलरी होतात, म्हणजे न चावता, न मोजता खाल्लेली एक अख्खी भाकरी. 'जेवण तेच आहे' हे विधान म्हणूनच अर्धेच खरे असते. ताट तेच असेल. ते रिचवणारे काम तेच राहिलेले नाही.

येथे स्नायूंचे महत्त्व कळते. जेवणानंतरची साखर सामावून घेणाऱ्या कोठारांत स्नायूंचे स्थान फार मोठे आहे. स्नायूच्या पेशीला ग्लुकोजसाठी जी दारे असतात, ती इन्सुलिनने उघडतात. पण स्नायू आकुंचन पावू लागला की तीच दारे इन्सुलिनवाचूनही उघडतात. चालणाऱ्या माणसाच्या पायांना साखर आत घेण्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्याचा सल्ला आपण देतो त्यामागे हे शास्त्र आहे. ह्याउलट बसून राहिलेल्या माणसाचे स्नायू भरलेलेच असतात. भरल्या कोठारात आणखी माल येत राहिला की चरबी यकृतात आणि प्रत्यक्ष स्नायूच्या पेशींत साचू लागते आणि इन्सुलिनची आज्ञा मानली जाईनाशी होते. स्वादुपिंड काही वर्षे जास्त इन्सुलिन सोडून निभावून नेते. ते थकले की तपासणीच्या कागदावर मधुमेह दिसतो. रोग त्या दिवशी आलेला नसतो, फक्त उघडकीस आलेला असतो.

पुण्याचा धडा

'पण मी तर लठ्ठ नाही,' असे हा कारागीर म्हणतो. ह्याचे उत्तर देणारे संशोधन आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोन मधुमेहतज्ज्ञांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक, म्हणजे बी.एम.आय., अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन ह्यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक ह्यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वजनकाट्यावर समान असणारी दोन शरीरे आतून किती भिन्न असू शकतात, ह्याचा इतका बोलका पुरावा क्वचितच आढळेल.

हे अंतर जन्मापासूनच असते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. याज्ञिक व सहकाऱ्यांनी गर्भवती माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची होती. आपली बाळे लहानखुरी होती, त्यांचे स्नायू व उदरातील अवयव लहान होते, पण त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. दिसायला कृश, आतून मेदयुक्त. गर्भातच टंचाई अनुभवलेले शरीर काटकसरीने संसार मांडते. मेंदू आणि चरबी राखते, स्नायूंवरचा खर्च आवरते.

पांडेसऱ्यात हे वाचताना मला आपल्या माणसांची आठवण होते. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मलेली कितीतरी माणसे आज आपल्या दवाखान्यांत येतात. टंचाईसाठी सिद्ध झालेले शरीर सुबत्तेच्या गावी आले. ज्या काटकसरीने तेथे तग धरला, तीच येथे अडचणीची ठरली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आय.सी.एम.आर.-इंडियाब ह्या देशव्यापी पाहणीने भारतात मधुमेहाचे १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख लोक असल्याचा अंदाज दिला. आपला सडपातळ कारागीर ह्या गणतीत का सापडतो, ते आता स्पष्ट व्हावे.

रातपाळीचे घड्याळ

ह्या वसाहतीला लागू पडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पाळी. येथील अनेक कारखान्यांत बारा तासांच्या पाळ्या चालतात, आणि दिवसपाळी व रातपाळी आलटून पालटून येते. शरीरातील बहुतेक पेशींत स्वतःचे घड्याळ असते. ते कसे चालते हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग ह्यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या घड्याळानुसार इन्सुलिनचे कार्य दिवसा चांगले आणि रात्री मंद असते. सकाळी दहाला खाल्लेल्या भाकरीने रक्तातील साखर जेवढी वाढते, त्यापेक्षा रात्री दोनला खाल्लेल्या तेवढ्याच भाकरीने ती अधिक वाढते आणि जास्त वेळ चढलेली राहते. दीर्घकाळ पाळीची नोकरी करणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण अधिक असल्याचे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे.

पाळी सोडून द्या, असे सांगणे सोपे आहे. पण ज्याच्या घराचे भाडे त्या पाळीवर चालते त्याला ते सांगण्यात अर्थ नाही. जे शक्य आहे तेच सांगावे. रातपाळीस जाण्यापूर्वी, सायंकाळी मुख्य जेवण घ्यावे. मध्यरात्रीनंतर डबा हलका ठेवावा. मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, ताक, एखादे फळ. जागे राहण्यासाठी चहा लागतोच, तर तो कमी साखरेचा घ्यावा. आणि व्यवसायबंधूंना विनंती अशी की मधुमेहाचे औषध लिहिताना रुग्णाची पाळी अवश्य विचारावी. 'सकाळी नाश्त्यापूर्वी' ह्या सूचनेचा अर्थ रातपाळीहून येऊन न खाता झोपी जाणाऱ्या माणसासाठी वेगळाच होतो. काही गोळ्या आणि इन्सुलिन अशा वेळी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतात, आणि झोपेत ते घरच्यांच्या लक्षातही येत नाही.

आपण काय करावे?

औषधांवर लिहिण्याचा ह्या लेखाचा हेतू नाही. मात्र वरील विवेचनातून काही सोप्या गोष्टी निष्पन्न होतात.

आपल्या प्रत्येक दवाखान्यात वजनकाटा असतो. त्याच्या शेजारी शिंप्याची मापपट्टी असावी. पुरुषाचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल, तर वजन कितीही कमी असो, तपासणी करावी. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर व रक्तदाब एकदा तरी मोजला गेला पाहिजे. शासकीय आरोग्य केंद्रांतही तिशीनंतरच्या अशा तपासणीची योजना आहे. ज्यांच्या आई-वडिलांना मधुमेह आहे त्यांनी विशेष दक्ष राहावे.

समाजबांधवांनी भाकरी सोडू नये. भाकरी आपली वैरीण नाही. ती मोजून खावी, कळण्याची करावी, सोबत डाळ, उसळ, पालेभाजी वाढवावी, आणि भाताचा ढीग तेवढा कमी करावा. 'भाकरी कितीही खाल्ली तरी चालते' हा समजही तितकाच चुकीचा आहे. दोन्ही वेळच्या जेवणानंतर गल्लीतून एक फेरी मारावी. तरुणांनी आठवड्यातून दोन-तीन दिवस दंड-बैठका काढाव्यात. आखाड्याची परंपरा आपल्याला नवी नाही, आणि वाढलेला स्नायू हे साखर ठेवण्याचे वाढीव कोठार आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, गर्भवतीचे ताट. आपल्या घरांत अजूनही सर्वांची जेवणे उरकल्यावर सून जेवते. पुण्याजवळच्या त्या खेड्यांनी शिकवलेला धडा हा की, जन्माला येणाऱ्या बाळाला पन्नाशीत मधुमेह होईल की नाही, ह्याचा काही भाग त्या ताटात ठरतो. त्या ताटात दूध, डाळ, हिरवी भाजी आणि लोहाची गोळी वेळेवर पोहोचली पाहिजे, आणि ते ताट सर्वांत शेवटी वाढले जाता कामा नये. ह्यासाठी कोणत्याही मोठ्या रुग्णालयाची गरज नाही; घरातील वडीलधाऱ्यांनी मनावर घेतले तर पुरे.

आपल्या संस्थेतर्फे जेथे जेथे आरोग्य शिबिर होईल, तेथे रक्ततपासणीबरोबर कमरेचा घेर, हिमोग्लोबिन आणि कामाची पाळी ह्या तीन नोंदी प्रत्येक कार्डावर व्हाव्यात, अशी सूचना मी सर्व सहकाऱ्यांपुढे नम्रपणे ठेवतो. पाच वर्षे ह्या नोंदी नेटाने ठेवल्या, तर आपल्या माणसांच्या शरीरात ही भाकरी कशी वागते हे आपल्याला इतर गावांच्या आकड्यांवरून अनुमानाने सांगावे लागणार नाही. त्या कारागिराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण त्याला त्याच्याच वस्तीच्या नोंदींतून देऊ शकू.